मूळव्याध म्हणण्याआधी, आणि गाठ बरणीत टाकताना

जिल्ह्या-तालुक्याच्या गावांत प्रॅक्टिस करणाऱ्या फॅमिली डॉक्टरांना आणि सर्जन मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलेले नाही. माझी सही तेवढी रिपोर्टच्या तळाशी पाहिली असेल. तुम्ही काढलेला तुकडा माझ्याकडे येतो, मी तो कापते, रंगवते, बघते आणि दोन पाने लिहून परत पाठवते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबद्दल त्या दोन पानांत जे मावत नाही ते लिहायला आज बसले आहे. पत्र उघडे ठेवले आहे, कारण रुग्णांच्या घरच्यांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे. म्हणून तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही कुठे कुठे फोड करून सांगितल्या आहेत, त्याबद्दल राग नसावा.

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुपारी अडीचच्या सुमारास एक बाई एसटीतून उतरून थेट लॅबमध्ये आल्या. पदर पावसाने भिजलेला, हातात कापडी पिशवी, पिशवीत लोणच्याची प्लास्टिकची बरणी आणि झाकणाभोवती तीन पदरी चिकटपट्टी. आत त्यांच्या नवऱ्याच्या मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा. ऑपरेशन आदल्या दिवशी सकाळी झालेले. झाकण उघडले आणि वासावरूनच कळले की बरणीत तुकडा टिकवणारे फॉर्मालिन नाही, सलाइन म्हणजे मिठाचे पाणी आहे. आतड्याचे अस्तर बोट लावताच ओल्या कागदासारखे सुटत होते. बाई दाराशी उभ्या राहून विचारत होत्या, "मॅडम, सांडलं तर नाही ना काही? मी मांडीवरच धरून आणलंय."

नवऱ्याचे वय एक्केचाळीस. शौचावाटे रक्त जायला लागून दहा महिने झाले होते. तीन ठिकाणी दाखवले, तिन्ही ठिकाणी मूळव्याध ठरली. मलम झाले, इसबगोल झाले, तिखट बंद झाले. एकदाही कुणी बोट घालून तपासले नव्हते. त्यांची कर्करोगाची गाठ बोटाच्या टप्प्याच्या वर होती हे मी मान्य करते. पण बोट घालून, प्रॉक्टोस्कोपने (गुदद्वारातून आत बघण्याच्या नळीने) पाहिले असते तर मूळव्याधीचा कोंब दिसत नाही, मग रक्त येते कुठून, हा प्रश्न पडला असता आणि दुर्बिणीची आठवण झाली असती. शेवटी आतडे तुंबले, पोट फुगले, तेव्हा धावपळ करून ऑपरेशन करावे लागले.

त्या तुकड्यातला जो भाग बरा उरला होता तो मी फॉर्मालिनमध्ये मुरवला, मेणात बसवला, पातळ काप काढले. मायक्रोस्कोपखाली जे दिसले ते तुम्हाला शब्दांत दाखवायचा प्रयत्न करते.

गाठीच्या मधल्या भागात पेशी अजून बऱ्यापैकी शिस्तीत होत्या. वाकड्यातिकड्या का होईना, पण नळ्या करून, एकमेकींना बिलगून बसलेल्या. स्लाइड हळूहळू कडेकडे सरकवत नेली, जिथे गाठ स्नायू ओलांडून बाहेरच्या चरबीत शिरते तिथे, आणि दृश्य बदलले. नळ्या मोडलेल्या. एकेकटी पेशी, कुठे दोघी, कुठे तिघी, कळपातून सुटून चरबीत निघालेल्या. याला आम्ही ट्यूमर बडिंग म्हणतो. पाचपेक्षा कमी पेशींचा पुंजका म्हणजे एक 'बड', एक अंकुर म्हणा. ते कसे मोजायचे यावर २०१६ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात जगभरच्या पॅथॉलॉजिस्टांचे एकमत झाले: जिथे सर्वांत दाट दिसतील तिथे ०.७८५ चौरस मिलिमीटरमध्ये मोजायचे. चारपर्यंत कमी, पाच ते नऊ मध्यम, दहा किंवा त्याहून अधिक म्हणजे जास्त. मी तीनदा मोजले. सतरा भरले. चौदा लसिकाग्रंथी सापडल्या, त्यांतल्या पाचांत रोग पोचलेला होता.

या सतरा ठिकाणच्या पेशींनी घर का सोडले? या पत्राचा गाभा हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पेशींमधल्या निरोपांत आहे.

आपल्या मोठ्या आतड्याच्या अस्तरात लाखो बारीक विहिरी असतात. नव्या पेशी विहिरीच्या तळाशी जन्मतात, भिंतीवरून वर सरकत येतात आणि चार-पाच दिवसांत काठावरून गळून पडतात. तळाशी असताना त्यांना शेजारच्या पेशींकडून 'वाढ' असा निरोप मिळत असतो. हा निरोप नेणारी प्रथिने म्हणजे विंट कुटुंब. त्यातले पहिले जनुक रोएल नुसे आणि हॅरल्ड वार्मस यांना १९८२ साली उंदरांच्या स्तनातल्या गाठींचा अभ्यास करताना सापडले. पेशीच्या आत हा निरोप पुढे पोचवते ते बीटा-कॅटेनिन. या प्रथिनाला दोन कामे असतात. एक काम पेशीच्या कुंपणावर: तिथे ते ई-कॅड्हेरिन नावाच्या प्रथिनाला धरून राहते आणि शेजारणी-शेजारणी चिकटून राहतात. दुसरे काम केंद्रकात: तिथे शिरले की ते वाढीची जनुके सुरू करते. केंद्रकात ते गरजेपेक्षा जास्त जाऊ नये म्हणून पेशीत एक टोळी बसलेली असते, फालतू बीटा-कॅटेनिन पकडून मोडीत काढणारी. त्या टोळीतला मुख्य गडी म्हणजे एपीसी. त्याचे जनुक १९९१ साली सापडले, आणि मोठ्या आतड्याच्या दहापैकी साधारण आठ कर्करोगांत ते बिघडलेले असते.

पण एपीसी तर साध्या पॉलिपमध्ये, म्हणजे अस्तरावर उगवलेल्या कोंबातही, बिघडलेले असते, आणि पॉलिप कुठे प्रवासाला निघत नाही. वर्षानुवर्षे जागच्या जागी राहतो. मग त्या एका बिघाडाने गाठ होते, पण पसरत का नाही? जर्मनीतल्या थॉमस ब्राबलेत्स यांच्या गटाने या शतकाच्या सुरुवातीला दाखवले ते मला आजही विलक्षण वाटते. एकाच गाठीत, तोच जनुकीय बिघाड असलेल्या पेशींत, मधल्या भागात बीटा-कॅटेनिन कुंपणावर आणि पेशीच्या अंगात दिसते, तर कडेच्या सुटलेल्या पेशींत ते केंद्रकात गच्च भरलेले असते आणि ई-कॅड्हेरिन कुंपणावरून उतरलेले असते. बिघाड एकच, वागणे दोन तऱ्हांचे. फरक पडतो तो शेजाराने. आणि याच पेशी लांब जाऊन वसल्या की तिथे पुन्हा नळ्या करतात, पुन्हा एकमेकींना बिलगतात. यकृतातल्या गाठीची बायोप्सी बघताना ती आतड्याचीच आहे हे मला ओळखता येते ते यामुळेच.

शेजार म्हणजे कोण? गाठीभोवतीच्या धाग्यांच्या पेशी, रक्तवाहिन्या, संरक्षणाला आलेल्या पांढऱ्या पेशी. त्यांच्याशी गाठ बोलते. टीजीएफ-बीटा हे त्या बोलण्यातले सर्वांत दुटप्पी प्रथिन. निरोगी अस्तरात ते वाढीला ब्रेक लावते. म्हणून गाठीतल्या पेशी तो ब्रेक उखडून टाकतात, कधी तो निरोप घेणारा स्वीकारकच मोडतात, कधी एसमॅड-४ हा आतला सांधा. पण प्रथिन सोडणे थांबवत नाहीत. स्वतः बहिऱ्या होऊन त्या शेजाऱ्यांना हाका मारत राहतात. बार्सिलोनातल्या एदुआर्द बातये यांच्या प्रयोगशाळेने २०१२ साली उंदरांमध्ये दाखवले की ही हाक ऐकून आजूबाजूच्या धाग्यांच्या पेशी इंटरल्युकिन-११ सोडतात, आणि त्या उलट निरोपामुळे कर्करोगाच्या पेशींना परक्या अवयवात पहिले काही दिवस तग धरता येतो. पसरण्यातला सर्वांत अवघड टप्पा हाच असतो. रक्तात सुटलेल्या बहुतेक पेशी मरून जातात. ज्यांना कुणी जगवते त्याच उरतात.

बाकीचे निरोप थोडक्यात सांगते. गाठ व्हीईजीएफ सोडते आणि नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढून घेते; खाणेही मिळते आणि बाहेर पडायला वाटही. आतड्याचे रक्त पोर्टल शिरेने आधी यकृतात जाते, म्हणून पहिला मुक्काम बहुतेकदा तिथे. गुदाशयाच्या खालच्या भागातले रक्त यकृत टाळून थेट हृदयाकडे जाते, म्हणून तिथली गाठ फुप्फुसात आधी दिसू शकते. २००९ साली बर्लिनमध्ये उल्रिके श्टाइन यांच्या गटाने मॅक-१ हे जनुक शोधले. ते जास्त चालू असेल तर मेट नावाच्या स्वीकारकाचा निरोप जोरात जातो, पेशी हलू लागतात, आणि सुरुवातीच्या टप्प्यातल्या गाठीतही पुढे पसरण्याची शक्यता वाढलेली दिसते.

आता तुम्ही विचाराल, हे सगळे युरोप-अमेरिकेच्या प्रयोगशाळांतले, आमच्या वीस खाटांच्या दवाखान्यात त्याचे काय करायचे? खरे तर त्यासाठीच हे पत्र आहे.

ईजीएफआर घ्या. पेशीच्या दारावर बसलेला हा स्वीकारक बाहेरचा निरोप घेतो आणि आत केरॅस, मग बीरॅफ, असा हातोहात पुढे पाठवतो. दार बंद करणारे सेटुक्सिमॅब हे औषध २००४ पासून वापरात आहे. पण साधारण दहापैकी चार रुग्णांत केरॅस स्वतःच बिघडून कायम 'चालू' राहिलेला असतो. दारावर कुणी आले काय, न आले काय, आत घंटा वाजतच राहते. अशा रुग्णाला हे औषध दिले तर गाठीवर परिणाम होत नाही; पुरळ, जुलाब आणि कर्ज तेवढे पदरात पडते. २००८ पासून हे स्पष्ट आहे. तरीही रॅसची (केरॅस आणि त्याच्या भावंडांची) तपासणी न करता औषध सुरू झालेले माझ्या पाहण्यात आले आहे. एका घराने त्यासाठी दीड एकर विकली होती. तपासणी नंतर झाली, केरॅस बिघडलेला निघाला.

बीरॅफचा बिघाड शंभरात आठ-दहा जणांत असतो, उजव्या बाजूच्या आतड्यात जास्त, आणि तो असेल तर रोग भराभर पसरतो. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात बीरॅफ अडवणारी गोळी काम करते, तीच आतड्याच्या कर्करोगात एकटी दिली तर पडते. कारण इथे बीरॅफ दाबला की पेशी ईजीएफआरचे दार आणखी सताड उघडते. हे कोडे २०१२ साली अॅमस्टरडॅममध्ये सुटले, आणि त्यातूनच दोन्ही औषधे एकत्र देण्याची पद्धत आली. निरोपाची वाट माहीत नसती तर ते औषध या रोगासाठी कायमचे बाद ठरले असते.

आणि ज्यासाठी मला तुम्हा प्रत्येकाचा दंड धरून सांगावेसे वाटते ती गोष्ट पुढची आहे. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंडमधल्या रुग्णालयांनी मिळून अलास्का या नावाने चाचणी केली, तिचे निकाल २०२५ मध्ये आले. ऑपरेशनने गाठ पूर्ण काढलेल्या रुग्णांच्या गाठीत पीआय-३-किनेज या निरोपवाटेतले बिघाड तपासले. शंभरात सदतीस जणांत ते सापडले. त्यांतल्या काहींना तीन वर्षे रोज १६० मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिले, काहींना नुसती साखरेची गोळी. पीआयके-३-सीए या जनुकाच्या ठरावीक जागी बिघाड असलेल्यांत तीन वर्षांत रोग परत आला तो अॅस्पिरिन घेणाऱ्यांत शंभरी ७.७ जणांना, न घेणाऱ्यांत १४.१ जणांना. निम्म्याच्या आसपास! अॅस्पिरिन, डॉक्टर. आपल्या प्रत्येकाच्या टेबलाच्या खणात असलेली गोळी. अॅस्पिरिनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा हे वाचून कुणी आपल्या मनाने ती सुरू करू नये. कुणाला द्यायची हे कर्करोगतज्ज्ञ ठरवतील. पण ज्याच्या गाठीची तपासणीच झाली नाही त्याच्या बाबतीत तज्ज्ञ तरी काय ठरवणार?

तशीच दुसरी तपासणी मिसमॅच रिपेअरची. डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिने, एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ आणि एमएसएच-६, गाठीत शाबूत आहेत का एवढेच बघायचे. एकेका प्रथिनासाठी रंगवलेले चार काप. शंभरात पंधराएक गाठींत यांतले काही ना काही गायब असते. अशा गाठींवर प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधे चालतात. न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये अशाच गुदाशयाच्या कर्करोगाच्या पहिल्या बारा रुग्णांना डोस्टार्लिमॅब सहा महिने दिले, आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली. ऑपरेशनही लागले नाही आणि किरणेही नाहीत. हे २०२२ साली प्रसिद्ध झाले. ते औषध आपल्या रुग्णांना परवडण्यासारखे नाही, हे मला माहीत आहे. पण हीच तपासणी लिंच सिंड्रोम, म्हणजे घराण्यात चालणारा कर्करोगाचा दोषही उघडा पाडते, आणि मग रुग्णाच्या भावंडांची, मुलांची वेळेवर कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी, होऊ शकते. एका माणसाच्या चार कापांवरून पाच जणांचे घर सावध होते.

त्या बाईंच्या नवऱ्याकडे परत येते. ऑपरेशननंतर दोन महिन्यांत यकृतात डाग दिसले. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी रॅस आणि बीरॅफची तपासणी सांगितली. माझ्याकडचा ब्लॉक, म्हणजे तुकडा बसवलेली मेणाची वडी, पाठवला. उत्तर आले की डीएनए तुटलेला आहे, तपासणी होऊ शकत नाही. एक दिवस सलाइनमध्ये पडून राहिलेल्या तुकड्याचे दुसरे काय होणार? मग यकृतातून पुन्हा सुई घालून नमुना काढावा लागला. त्यात पाच आठवडे गेले. पाच आठवडे ती बाई मला दर सोमवारी फोन करत होती.

म्हणून माझ्या विनंत्या. पहिली फॅमिली डॉक्टरांना. शौचावाटे रक्त जाणाऱ्या प्रत्येक माणसाला मलम लिहिण्याआधी बोट घालून तपासा. पंचविशीतल्या मुलालाही. टाटा मेमोरियलमधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या रोगाच्या रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आत होते, आणि तरुणांत दिसणारा सिग्नेट रिंग प्रकार (ज्यात पेशी अंगठीसारख्या दिसतात) फार वाईट वागतो, तो पोटाच्या पडद्यावर पसरतो. बायका संकोचतात, तर नर्सला शेजारी उभी करा, दार लावा, आधी दोन मिनिटे बोला. बहुतेक जणी हो म्हणतात. ज्या पुरुषाचे किंवा पाळी गेलेल्या बाईचे हिमोग्लोबिन कारणाशिवाय उतरले आहे त्याला नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊ नका. उजव्या बाजूची गाठ डोळ्यांना रक्त दाखवत नाही. गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर येते, आपल्याला समाधान वाटते, आणि तेवढ्या काळात ती गाठ शेजाऱ्यांना हाका मारत राहते. पॉलिपला कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात. एवढा वेळ फार थोडे कर्करोग देतात.

सर्जन मंडळींना विनंती ऑपरेशन थिएटरमधल्या एका बाटलीबद्दल आहे. दहा टक्के बफर केलेले फॉर्मालिन, तुकड्याच्या निदान दहापट, रुंद तोंडाच्या डब्यात, ऑपरेशन संपताच. आतडे उघडून ठेवलेत तर आतपर्यंत मुरते. सलाइन नको, स्पिरिट नको. डबा नसेल तर मला एक फोन करा, मी भरून पाठवते. आमचा मुलगा रोज सकाळी तुमच्याकडून रक्ताचे नमुने न्यायला येतोच. नातेवाइकांना तुकडा द्यावाच लागला तर वेळ लिहून द्या, किती वाजता निघाला, किती वाजता फॉर्मालिनमध्ये पडला. आणि फॉर्मवर "आतड्याचा तुकडा" एवढेच लिहू नका. कुठला भाग, आधी केमो किंवा किरणे झाली आहेत का, घरात कुणाला कर्करोग होता का, या तीन ओळींनी माझे निम्मे काम सोपे होते.

आणि माझ्याच पेशातल्या मित्रांनो, तुम्हीही हे वाचत असाल तर आपलेही थोडे आहे. बारा ग्रंथी सापडेपर्यंत चरबी चाचपत राहा, बडिंग मोजा आणि लिहा, मिसमॅच रिपेअरचा सल्ला रिपोर्टमध्ये ठळक घाला. मेणाचे ब्लॉक दहा-बारा वर्षांनीही लागतात, गोदाम भरले म्हणून टाकू नका. परवाच एकाचा मुलगा वडिलांचा २०१४ चा ब्लॉक मागायला आला होता. धाकट्या बहिणीला पस्तिसाव्या वर्षी गाठ निघाली आहे. ब्लॉक सापडला. चारांपैकी एमएसएच-२ नाही, एमएसएच-६ पण नाही. आता उरलेल्या दोन भावंडांना कोलोनोस्कोपीसाठी पाठवायचे आहे. त्यांतला एक तुमच्यापैकीच कुणाकडे मूळव्याधीचे औषध घेतो आहे, गेले वर्षभर. कुणाकडे ते मी विचारले नाही. तो या आठवड्यात तुमच्याकडे येईल. कृपया त्याला लगेच पुढे पाठवा.

आपली स्नेहांकित,
तुमच्या रिपोर्टखाली सही करणारी पॅथॉलॉजिस्ट